बिनमिशीचे मामा

मामांचं नाक स्क्रीनवर गोल फिरत होतं आणि मी चहात बिस्कीट बुडवून बसलो होतो. बिस्कीट तुटून कपात पडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे नाक मी रोज जेवताना समोर बघतो.

"बाई का बुवा?" शेजारच्या टेबलावरून तौसीफनं विचारलं.

"बुवा."

"वय?"

"छप्पन्न."

"एवढं नेमकं?"

नोव्हेंबरात सत्तावन्नावं लागेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते मी बिस्किटाच्या लगद्याबरोबर गिळलं. "अंदाज," म्हणालो.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत एका सतारीच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर तारा जुळवायचे, वर आम्ही डोकी रंगवायचो. गावातल्या एका स्कॅन सेंटरमधून माणसांचे सीटी स्कॅन यायचे, नाव-गाव काढून टाकलेले, नुसता नंबर. एक स्कॅन म्हणजे एका डोक्याचे चारेकशे काप. बटाट्याचे करतात तसेच, फक्त पातळ आणि न तळता. एकेक काप स्क्रीनवर घ्यायचा आणि माऊसनं रंगवायचा. हाड पिवळं, पोकळी निळी, डोळा हिरवा, आणि जिथं काही नसावं तिथं काही असलं तर ते लाल. सगळे काप झाले की सॉफ्टवेअर ते एकावर एक रचून रंगीत डोकं उभं करायचं. अशी हजारो डोकी दाखवली की पुढं कॉम्प्युटर आपलं आपण ओळखायला शिकतो, असं आम्हाला सांगितलं होतं. थोडक्यात आम्ही बालवाडीच्या बाई होतो आणि आमचा विद्यार्थी बंगळूरला होता.

मी बी.एस्सी. झूऑलॉजी. तौसीफ त्याआधी ट्रकच्या मागं मोर काढायचा. हात त्याचाच स्थिर होता.

स्क्रीनवर चार चौकोन असायचे. तीन चौकोनांत तेच डोकं वरून, बाजूनं आणि समोरून कापलेलं, आणि चौथ्यात अख्खं. त्या चौथ्या चौकोनाखाली एक सरकपट्टी होती. उजवीकडं ओढली की नुसती कवटी. डावीकडं ओढत नेली की कवटीवर मांस चढायचं, मांसावर कातडी, आणि शेवटी समोर माणूस. ती डावीकडं ओढायला सक्त मनाई होती. भिंतीवर कागदच लावला होता, 'चेहरा काढू नये. काढल्यास घरी जावे.' दुपारी तीननंतर सगळेच काढायचे. 'बाई का बुवा' हा खेळ त्यातूनच निघाला होता, कारण सीटीत केस येत नाहीत. भुवया नाहीत, दाढी नाही, मिशी नाही. माणूस सोललेल्या अंड्यासारखा दिसतो.

माझे मामा मनोहर वाजंत्री, जयध्वज ब्रास बँडचे मास्तर. त्यांची मिशी अख्ख्या मिरजेला माहीत. क्लॅरोनेट वाजवताना ती दोन्ही बाजूंनी हलायची आणि पोरं गाणं सोडून ती बघायची. बिनमिशीचे मामा मी जन्मात पाहिले नव्हते, बहुतेक मामींनीही नसावेत. पण नाक मध्येच डावीकडं वळलं होतं. कपाळावर खोक होती, ट्रॉम्बोनवाल्यानं एका वरातीत उत्साहात नळी पुढं केली होती तेव्हाची. आणि वर एक सोन्याचा दात. धातू असला की स्कॅनमध्ये त्याच्याभोवती पांढरे किरण फुटतात. मामांच्या तोंडात सूर्य उगवला होता.

मी पट्टी उजवीकडं ओढली. मामा गेले, कवटी राहिली. फाइलीचा नंबर होता एस-२१७.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मामांनी स्कॅन कधी काढला? मी वर्षभर त्यांच्याच घरी राहत होतो. घरात कुणी शिंकलं तरी तीन माणसं काढा सुचवायची.

दोनशे अकराव्या कापात डाव्या डोळ्याच्या मागं एक करडा ठिपका दिसला. दोनशे सोळात तो शेंगदाण्याएवढा झाला. दोनशे तीसपर्यंत करंगळीच्या पेराएवढा. मग लहान होत होत दोनशे सेहेचाळीसला संपला.

"तौसीफ, जरा बघ."

तो खुर्चीसकट घरंगळत आला. "गाठ. झकास आहे." आमच्याकडं गाठ नेहमी झकासच असायची, कारण नुसत्या निळ्या-पिवळ्यानं माणसाला गुंगी यायची. "बॉर्डर बघ कशी क्लीन आहे."

"खडा असेल का रे?"

"गप," तो कुजबुजला. "मॅडम आत आहेत."

खडा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या प्रमुख बेडगे मॅडम. वीस वर्षं सीटी मशीन चालवून इकडं आलेल्या. रंगवणारे जागे आहेत का झोपेत माऊस फिरवतात, हे तपासायला त्या मधूनमधून एखाद्या स्कॅनमध्ये खोटी गाठ पेरायच्या. दुसऱ्या कुणाच्या तरी स्कॅनमधली खरी गाठ उचलायची, आजूबाजूच्या करड्या रंगाशी रंग जुळवायचा आणि चिकटवायची. तांदळात खडा टाकावा तसा. ज्यानं तो लाल केला त्याच्या नावापुढं सोमवारी फळ्यावर चांदणी. ज्याचा निसटला त्याला केबिनमध्ये बोलावणं. पेशंटला याचा काही त्रास नव्हता, त्याचा खरा रिपोर्ट सेंटरमधून कधीच गेलेला असायचा. खडा फक्त आमच्या वाट्याच्या नकलेत. आणि कुठली फाइल खडा आहे, हे विचारणं म्हणजे परीक्षेत सुपरवायझरलाच उत्तर विचारणं. मागच्या दिवाळीत एकानं विचारलं होतं. तो आता कुपवाडला आईस्क्रीमच्या फॅक्टरीत आहे.

मी हिशेब केला. त्या महिन्यात ऑफिसात दहा गाठी निघाल्या होत्या. चार खडे आणि सहा खऱ्या. मामांच्या विरुद्ध सहाला चार.

काम तर करायलाच हवं होतं. ब्रश सगळ्यात बारीक केला आणि छत्तीस काप कडेकडेनं लाल केले. एकही थेंब बाहेर नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुबक काम. तौसीफ मागं उभा राहून म्हणाला, "यार, असं तर मी मोराचं पीस पण नाही काढलं."

मी फाइल सेव्ह केली आणि घरी निघालो.

घरी गेलो तेव्हा मामी कोथिंबीर निवडत होत्या आणि मामा सोप्यात बसून कोटाची पितळी बटणं घासत होते.

"मामी, मामांची तब्येत कशी आहे?" मी हळूच विचारलं.

"का रे?"

"सहज."

मामींनी कोथिंबीर खाली ठेवली. "तूसुद्धा बघितलंस न्हवं? तीन आठवडे झालं, घरात एकदा फुंकर मारली न्हाई. शेजारच्या अवटीवहिनी काल विचारून गेल्या, सगळं बरं हाय ना म्हणून. पंधरा वर्षं त्याच भिंत बडवत होत्या, बंद करा म्हणून. आणि रविवारच्या लग्नात पुढचं दत्तूला वाजवू दे म्हणालेत. दत्तूला! मी विचारलं तर म्हणतात, पोरांनी शिकाय पाहिजे. दत्तू बेचाळीस वर्षांचा हाय."

म्हणजे मामांना माहीत होतं. रिपोर्ट हातात होता, आणि एकटेच घेऊन बसले होते.

सोप्यात जाऊन मी त्यांच्या शेजारी बसलो.

"मामा, डोकं कसं आहे?"

"कुणाचं?"

"तुमचं."

"जाग्यावर हाय. तुझं?"

"दुखतं वगैरे का?"

"तू राहायला आल्यापासनं जरा."

"चक्कर?"

बटणावरचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पेपरात आलंय. छप्पन्नच्या पुढच्या माणसांना चक्कर येते."

"छप्पन्नच्याच?"

"हो."

"पेपरवाल्यांना काय उद्योग न्हाई," ते म्हणाले आणि तेच बटण पुन्हा घासायला लागले. ते बटण इतकं चमकत होतं की त्यात मला माझं तोंड दिसत होतं. तोंड काही बरं दिसत नव्हतं.

सरळ सांगून टाकावं, असं दहादा वाटलं. पण काय सांगणार? मामा, मी तुमचा चेहरा काढला? नोकरी लागताना एक कागद सही करून दिला होता, की स्कॅनमधल्या माणसाबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही. त्यात माणूस सख्खा मामा निघाला तर काय, हे कलम नव्हतं. आणि समजा नोकरी घालवून सांगितलं, आणि तो खडा निघाला, तर? एका धडधाकट माणसाला मी माझ्या तोंडानं गाठ दिली असती. नाही सांगितलं आणि खरी निघाली, तर मामा रोज एकटे बटणं घासत बसणार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना खोबरेल तेल आणलं आणि मामांच्या डोक्याला लावायला बसलो. डोक्याला मी कधी स्वतःच्याही तेल लावत नाही. डाव्या डोळ्याच्या मागची बाजू आली की बोटं आपोआप हलकी व्हायची.

"अवधूत," मामा डोळे मिटून म्हणाले, "पोरगी कोण हाय?"

"कुठली पोरगी?"

"मग नोकरी गेली?"

"नाही." अजून नाही, हे मनात.

"गाडी कुणाला धडकवलीस?"

"नाही हो मामा."

"मग हे तेल कशाचं?" ते वळले. "भाचा तेल लावतोय म्हणजे घर हादरायच्या बेतात हाय. बोल."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. जे बोललो ते कुठून आलं, मला आजही माहीत नाही.

"मला बँडमध्ये यायचंय."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्यांना मूल नव्हतं, आणि आमच्या घरातल्या एकाही भाच्या-पुतण्यानं आजवर त्या लाल कोटाला हात लावला नव्हता. लग्नात त्यांचा बँड लागला की आम्ही सगळे दुसऱ्या फुटपाथवरून चालायचो.

"आधी का बोलला न्हाईस?" ते म्हणाले. "येतंय काय वाजवाय?"

"काहीच नाही."

"मग खुळखुळा. रविवारी येणार. खुळखुळेवाल्याला कावीळ झालीय."

ज्या माणसाच्या डोळ्यामागं छत्तीस काप लाल आहेत, त्याला नाही म्हणता येत नाही.

तर रविवारी सकाळी साडेदहाला मी लाल कोट, सोनेरी झालर आणि तुऱ्याची टोपी घालून मार्केटच्या चौकात उभा होतो. कावीळवाला माझ्या दीडपट असावा. कोटात मी होतो आणि बाकी हवा. परण्या निघायचा होता, म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो तो. नवरदेव बसला. घोडा मागं-पुढं झाला. दत्तूनं पुढच्या रांगेत क्लॅरोनेट तोंडाला लावलं, मामा त्याच्या शेजारी नुसती छडी घेऊन उभे राहिले आणि सुरुवात झाली. खुळखुळ्याचं काम सोपं होतं. हलवत राहायचं. मला एवढंच सांगितलं होतं की थांबायचं नाही.

दुसऱ्या चौकात बायकांच्या घोळक्यात मला बेडगे मॅडम दिसल्या. मोरपंखी पैठणी, काळा गॉगल, हातात अक्षतांचा डबा. त्या नवरदेवाच्या मावशी निघाल्या. मी टोपी डोळ्यांवर ओढली, पण एवढ्या रुंद कोटातला बारका माणूस लपत नसतो.

"अवधूत?" त्या शेजारून चालत म्हणाल्या. "तू?"

"नमस्कार मॅडम," मी खुळखुळे हलवत म्हणालो.

"हे कधीपासून?"

"आजपासून."

"ऑफिसमध्ये कंटाळा येतो का?"

"नाही मॅडम."

त्या हसून पुढं निघाल्या. मी मामांकडं पाहिलं. ते छडी हलवत होते खरे, पण नजर जमिनीवर होती, पाय जपून टाकत होते. दत्तू वरच्या सुरात जोरात चुकला आणि मामा काही बोलले नाहीत. दत्तू चुकला आणि मामा बोलले नाहीत, हे बघून बाकीच्या वाजवणाऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

मग मी रांग सोडली. खुळखुळ्यासकट मॅडमच्या मागं गेलो.

"मॅडम! एस-दोनशे सतरा!"

"काय?"

"एस-दोनशे सतरा! खडा आहे का?"

त्यांनी गॉगल खाली करून माझ्याकडं पाहिलं. ट्रम्पेट आमच्या कानाशीच होतं. "अवधूत, तू काय विचारतोयस ते कळतंय का तुला?"

"कळतंय!"

"सोमवारी केबिनमध्ये ये."

"सोमवारी नाही मॅडम, आत्ता! ती गाठ खरी आहे का?"

"का पण?"

इकडं मामांच्या लक्षात आलं होतं की आपला नवा खुळखुळेवाला वाजवणं सोडून पाहुण्या बाईंशी गप्पा मारतोय. वीस वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी असं कुणाचं खपवून घेतलं नव्हतं. त्यांनी छडी वर केली. जयध्वज ब्रास बँडची शिस्त अशी की छडी वर गेली की ढोलसुद्धा अर्ध्यात थांबतो. थांबला. आणि त्या शांततेत, दोनशे माणसांच्या आणि एका घोड्याच्या समोर, मी बोंबललो,

"कारण ते माझे मामा आहेत! माझ्या मामांच्या डोक्यात गाठ आहे का!"

घोड्यानं शेपटी हलवली.

"कसली गाठ?" मामा म्हणाले.

माझ्या हातातला एक खुळखुळा पडला आणि घरंगळत त्यांच्या पायाशी गेला.

"तुम्हाला माहीत नाही?" मी म्हणालो.

"मला? मी अजून रिपोर्टच आणला न्हाई." ते छडी धरून हळूच ढोलावर बसले. ढोलवाल्यानं ढोल तसाच धरून ठेवला. "तीन आठवडे झालं. वरचा सूर लावला की काजवे चमकायचे, म्हणून डॉक्टरनं फोटो काढाय सांगितला. काढला. रिपोर्ट आणाय पाचदा गेलो आणि खिडकीपासनं माघारी आलो. आमच्या थोरल्या दादानं असाच कागद आणला, आणि पाच आठवड्यांत गेला. त्याच्या आधी बरा होता की." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू बघितलंस? आत?"

मी मान हलवली.

"मुहूर्त बारा पस्तीसचा आहे," नवरदेवाचे काका मागून म्हणाले. त्यांना कुणीतरी गप्प केलं.

बेडगे मॅडमनी अक्षतांचा डबा एका बाईच्या हातात दिला, गॉगल डोक्यावर चढवला आणि सरळ मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तोंड उघडा."

"अं?"

"आ करा."

मामांनी आ केला. मॅडमनी त्यांची हनुवटी धरून उन्हाकडं वळवली आणि भर परण्यात माझ्या मामांच्या तोंडात डोकावून पाहिलं. वरचा सोन्याचा दात बोटानं टकटक वाजवला. मग अंगठा आणि तर्जनीत नाक धरून वरपासून खालपर्यंत दाबत आल्या. "डावीकडं," स्वतःशीच म्हणाल्या. कपाळावरची खोक बघितली. नवरदेव घोड्यावरून वाकून बघत होता, मुंडावळ्या बाजूला करून.

"स्कॅन कधी काढलात?"

"मंगळवारी. तीन आठवड्यांपूर्वीच्या."

मॅडमनी पर्समधून फोन काढला. खड्यांची यादी उघडून तारीख जुळवली. मला तो वेळ एक तासाचा वाटला. तौसीफच्या म्हणण्याप्रमाणे अशा वेळी मिनिटसुद्धा होत नाही, पण तौसीफ तिथं नव्हता.

"दोनशे सतरा," त्या म्हणाल्या. "खडा आहे. मी चिकटवलाय. गाठ दुसऱ्याच माणसाची आहे."

"नक्की?" मी म्हणालो. "म्हणजे आत त्यांची स्वतःची आणखी एखादी…"

"अरे शहाण्या, खडा टाकायचा तर तांदूळ आधी निवडलेला लागतो. आत काही असलेलं डोकं घेतलं, तर माझा खडा कुठला आणि मूळचा कुठला, मलाच कळायचं नाही. म्हणून मी रिपोर्ट वाचते आणि अगदी स्वच्छ असेल तेच घेते. त्या महिन्यातल्या शंभरात यांचं सगळ्यात स्वच्छ होतं." त्या मामांकडं वळल्या. "तुमच्या डोक्यात काही नाही."

"काईच न्हाई?"

"काही म्हणजे काही नाही."

"हे आमच्या मंडळी पहिल्यापासनं म्हणत्यात," मामा म्हणाले, आणि रडायला लागले.

मग काय झालं ते नीट आठवत नाही, कारण मीही तेच करत होतो. दत्तू तर माझ्याआधी. ढोलवाल्यानं एका हातानं ढोल आणि एका हातानं मामांना धरलं होतं. नवरदेवाच्या काकांनी घड्याळ खिशात घातलं. एका आजींनी कशाचीही चौकशी न करता मामांवर अक्षता टाकल्या, आणि ते बघून मागच्यांनीही टाकल्या, त्यामुळं त्या दिवशीच्या पहिल्या अक्षता चुकून माझ्या मामांच्या डोक्यावर पडल्या.

"पण मग काजवे?" मामांनी नाक पुसत विचारलं.

"नाकाचं हाड वाकडं आहे, सर्दी साठलीय. आणि वाजवायच्या दिवशी उपाशी असता का?"

"पोट भरलं की सूर जड होतो."

"मग चमकतील नाही तर काय! खाऊन वाजवा."

कुणीतरी लाडू आणला. मामांनी उभ्याउभ्या दोन खाल्ले, मिशीवरचे कण झटकले, आणि दत्तूपुढं हात केला. दत्तूनं क्लॅरोनेट असं दिलं की जसं काही सकाळपासून ते हातात जळत होतं. मारुतीचं देऊळ तिथून चार मिनिटांवर. आम्ही पाऊण तासानं पोचलो, कारण मामा प्रत्येक चौकात वरचा सूर लावून डोळे उघडे ठेवून बघत होते, काजवे येतात का. लग्न बारा पस्तीसऐवजी एक वाजून दहा मिनिटांनी लागलं. जोडा सुखात आहे असं ऐकतो.

ऑफिसचं काय झालं तेही सांगून टाकतो. सोमवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मी चेहरा काढला होता, खडा विचारला होता आणि पेशंटबद्दल बाहेर बोललो होतो, एकदम तीन. त्या बराच वेळ पेन फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "मी दोनशे माणसांसमोर एकाचा रिपोर्ट वाचून दाखवला. माणसंही माझ्याच नात्यातली." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला कामाला बस म्हणून सांगितलं. महिनाभरात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, त्यात स्कॅन आमच्यापर्यंत यायच्या आधीच तोंड पुसून गुळगुळीत केलेलं असायचं. नाकाच्या जागी नुसती भिंत. ही सूचना कुणाची, हे मी विचारलं नाही. फळ्यावर माझ्या नावापुढं चांदणी मात्र होती. खडा मी लाल केला होता ना.

पण त्याच सोमवारी, ऑफिसच्या आधी, मी मामांबरोबर स्कॅन सेंटरला गेलो होतो. तोंडी कळलं असलं तरी कागद हातात हवा, असं मामींचं म्हणणं होतं. मामी आदल्या दिवसापासून मामांशी एक शब्द बोलत नव्हत्या, फक्त ताटात सगळं दुप्पट वाढत होत्या. खिडकीतल्या मुलीनं पाकीट दिलं आणि म्हणाली, "किती दिवस झाले, काका! फोन तरी उचलायचा."

"लग्नसराई होती," मामा म्हणाले. पाकीट उघडून त्यांनी माझ्या हातात दिलं. मी वाचलं. सगळं नॉर्मल, नाक वाकडं. मामांनी पाकीट परत घेतलं आणि आम्ही निघालो.

दारापाशी बाकावर एक पैलवान बसला होता. कान चुरगळलेले, मान मांडीएवढी. हातात पावती होती. बोलत फोनवर होता, पण फोन उलटा धरला होता. मी तसाच पुढं गेलो. मामा थांबले.

"कितवा दिवस?" त्यांनी विचारलं.

पैलवानानं फोन खाली घेतला. मामांकडं बघितलं, त्यांच्या हातातल्या उघड्या पाकिटाकडं बघितलं. "चौथा," म्हणाला.

"माझं सहाव्यात झालं." मामांनी पाकीट माझ्याकडं दिलं आणि हात पुढं केला. "उठा. मी हाय संगं."

एवढा मोठा माणूस मामांचा हात धरून उठला. खिडकी त्याला फार खाली पडत होती. तो वाकला, पावती सरकवली, आणि मामांचा हात न सोडता, शाळेत हजेरी देतात तशा आवाजात, त्यानं आपलं नाव सांगितलं.